नजर एकच असते

ॲनिमेशनपटाचे कौतुक करण्याची एक ठरावीक पद्धत गेल्या काही वर्षांत रुळली आहे. 'प्रत्येक फ्रेम म्हणजे भिंतीवर टांगावे असे चित्र', असे म्हटले की परीक्षण पूर्ण होते. हे वाक्य स्तुतीचे आहे, असे आपण धरून चालतो. मला ते तक्रारीचे वाटते. भिंतीवरच्या चित्रासमोर माणूस हवा तितका वेळ उभा राहतो, मागे सरकतो, पुन्हा जवळ जातो आणि चित्र तेवढा वेळ थांबते. चित्रपटाची फ्रेम सेकंदाचा चोविसावा हिस्सा टिकते. जिथे थांबताच येत नाही तिथे थांबून पाहावे असे काही मांडायचे आणि लगेच बदलायचे, याला पाहुणचार म्हणत नाहीत. पान वाढायचे आणि पहिला घास उचलायच्या आत ओढून घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

वाद प्रयोगाशी नाही. ॲनिमेशन हे माध्यम प्रयोगातूनच उभे राहिले आहे, आणि चित्रपटाने फक्त नीटनेटक्या बाह्यरेषा व सपाट रंग वापरावेत असे म्हणणाऱ्यांशी माझे काही जुळत नाही. वाद एवढाच आहे की, गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटात दृश्यपरिणामाला गोष्टीच्या कामाला जुंपलेले नसेल, तर तो प्रेक्षकाचे लक्ष खातो. या नुकसानीचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही. मेहनतीचा हिशोब मांडला जातो, तोही पोस्टरवर.

'लव्हिंग व्हिन्सेंट' हा २०१७ सालचा चित्रपट याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. डोरोता कोबिएला आणि ह्यू वेल्चमन यांनी तो दिग्दर्शित केला. आधी नटांना घेऊन चित्रीकरण झाले, मग शंभराहून अधिक चित्रकारांनी सुमारे ६५,००० फ्रेम तैलरंगात रंगवल्या. एक फ्रेम रंगवायची, तिचे छायाचित्र काढायचे, त्याच कॅनव्हासवर रंग खरवडून किंवा चढवून पुढची फ्रेम करायची, असे हे काम होते. सेकंदाला बारा चित्रे. या चिकाटीपुढे कोणाचीही मान लवेल. पण चित्रपट पाहताना मान लववून बसून चालत नाही, डोळे वर ठेवावे लागतात.

आता गोष्ट काय आहे ते पाहा. व्हॅन गॉगच्या मृत्यूनंतर वर्षभराने पोस्टमास्तर रूलँचा मुलगा आर्मां, व्हिन्सेंटने भावाला लिहिलेले शेवटचे पत्र घेऊन निघतो. थिओही आता हयात नाही, हे त्याला कळते. मग तो ओव्हेर गावात जाऊन एकेकाला भेटतो, विचारतो. कोणी म्हणते व्हिन्सेंट शांत होता, कोणी म्हणते खचला होता, कोणाला गोळीबाबतच शंका आहे. म्हणजे चित्रपटाचा मोठा भाग दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात असा आहे. अशा प्रसंगात सगळा जीव असतो तो बोलणाऱ्याच्या चेहऱ्यात. पापणी किंचित खाली गेली, उत्तर अर्ध्या क्षणाने लांबले, यावरून खरे-खोटे ठरायचे असते. इथे मात्र चेहऱ्यामागचा भिंतीचा कागद उकळतो आहे, कोटाच्या बाहीवर रंगाचे फटकारे वळवळताहेत आणि खिडकीबाहेरचे आकाश तर क्षणभरही स्वस्थ नाही. सगळेच हलते आहे, त्यामुळे पापणी हलली की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. नाकापेक्षा मोती जड, हे आपल्याकडचे म्हणणे इथे चपखल बसते. फक्त इथे मोत्याच्या भाराने नाकच दिसेनासे झाले आहे.

यात आणखी एक विसंगती आहे आणि ती मला जास्त सलते. व्हॅन गॉगच्या चित्रात फटकारे हलत नाहीत. ते स्थिर असतात, सुकलेले असतात, आणि तरी आकाश फिरते आहे असे वाटते, कारण ते फिरवण्याचे काम पाहणाऱ्याचा डोळा करतो. १८८९ सालच्या त्या रात्रीच्या आकाशाची सारी ताकद या न हललेल्या हालचालीत आहे. चित्रपटाने फटकारे खरोखरच हलवले आणि प्रेक्षकाच्या हातचे काम काढून घेतले. चित्रकाराने सूचित केलेले त्याच्या चाहत्यांनी उघड बोलून टाकले. कवितेचा गद्य अर्थ कवितेतच घुसवल्यावर जे होते, तेच इथे झाले आहे.

आपली अडचण चित्रपटाने नकळत कबूलही केली आहे. भूतकाळातले प्रसंग त्यात कृष्णधवल आहेत, छायाचित्राच्या जवळ जाणारे, फटकाऱ्यांचा गलका नसलेले. ते सुरू झाले की डोळा विसावतो. चेहरे दिसू लागतात, बोलणे ऐकू येऊ लागते. ज्या चित्रपटात मुख्य शैली थांबल्यावर गोष्ट सुरू होते, त्या चित्रपटाच्या मुख्य शैलीबद्दल वेगळे काय सांगायचे?

हे आवडी-निवडीचे प्रकरण आहे, असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण डोळ्याची रचना आवडीवर अवलंबून नाही. माणसाला स्पष्ट दिसते ते दृष्टीच्या मध्यावरच्या सुमारे दोन अंशांच्या वर्तुळात, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाने झाकेल तेवढ्या जागेत. बाकी सगळे धूसर असते. ती धूसर जागा भरून काढण्यासाठी डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारतो. उडी कुठे मारायची हे ठरवताना दृष्टीच्या कडेला झालेली हालचाल त्याला आपोआप ओढते. झुडपात काही हलले की तिकडे पाहायचे, ही सवय आपल्या पूर्वजांच्या जिवावर बेतल्यामुळे लागली आहे, ती तिकीट काढल्याने सुटत नाही. म्हणून चांगला दिग्दर्शक हालचाल जपून खर्च करतो. चौकटीत एकच गोष्ट हलते आणि नजर तिथे जाते. सगळेच हलते तेव्हा नजर कुठेच जात नाही, नुसती फिरते.

या नियतकालिकाच्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बहुधा त्याच्याच वाट्याला येते. आपण बहुभाषी माणसे चित्रपट बघत नाही, वाचतो. जपानी, फ्रेंच, हिब्रू, स्पॅनिश चित्रपट आपल्यापर्यंत येतात ते पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या दोन ओळींवर बसून. भारतातल्या भारतातही तेच. मराठी माणूस मल्याळम चित्रपट वाचतो, बंगाली माणूस मराठी वाचतो. सबटायटलच्या दोन ओळी फार तर सहा सेकंद टिकतात. त्या वाचायच्या, वर जायचे, चेहरा पाहायचा, पुन्हा खाली यायचे, अशी ही ये-जा आहे. मूळ भाषा जाणणाऱ्या प्रेक्षकाला उकळत्या पार्श्वभूमीचा त्रास होतो तो एकपट. वाचणाऱ्याला तो दुप्पट होतो, कारण मजकुरावर असतानाही वरची हालचाल त्याची नजर खेचत राहते आणि वर गेल्यावर नेमके कुठे पाहायचे ते ठरेपर्यंत पुढच्या ओळी आलेल्या असतात. म्हणजे दृश्यपरिणामाचा अतिरेक सर्वांवर सारखा पडत नाही. परक्या भाषेतून येणाऱ्यावर, दृष्टी मंदावलेल्या वृद्धावर, सावकाश वाचणाऱ्यावर तो जास्त पडतो. चित्राला भाषा लागत नाही, ते सर्वांना कळते, असे सांगून ॲनिमेशनपट जगभर फिरवला जातो. मग त्या 'सर्वां'त खाली मान घालून वाचणारा धरलेला असतो की नाही?

आता दुसरे टोक. 'स्पायडरमॅन : इनटू द स्पायडरव्हर्स' (२०१८) या चित्रपटाने अमेरिकी मुख्य प्रवाहाच्या गुळगुळीत ॲनिमेशनला धक्का दिला, आणि तो धक्का हवाच होता. त्यातली एक युक्ती तर शिकवण्यासारखी आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, पण तीच मुद्रा दोन-दोन फ्रेम टिकवली तर हालचाल किंचित अडखळते. कोवळा माइल्स असा अडखळत हलतो, आणि त्याच दृश्यात मुरलेला पीटर सलग, न अडखळता हलतो. माइल्सला जसजसे जमू लागते तसतशी त्याची हालचालही सलग होते. एक शब्द न बोलता नवखेपण दाखवले जाते. प्रेक्षकाला युक्ती कळतही नाही, फक्त मुलाबद्दल काळजी वाटते. दृश्यपरिणाम कामाला लागला आहे म्हणायचे ते याला.

त्याच चित्रपटात जुन्या छापील कॉमिक्सची आठवण म्हणून रंग मुद्दाम जागेवरून सरकवलेले आहेत. स्वस्त छपाईत लाल आणि निळा रंग एकमेकांवर नेमके बसत नसत, तसे. चौकटीच्या कडांना आणि पार्श्वभूमीला ही सरकलेली कड इतकी ठळक आहे की, आपण चुकून थ्रीडी खेळात चष्म्याशिवाय बसलो की काय, असे पुष्कळ प्रेक्षकांना वाटले. ज्या क्षणी प्रेक्षक पडद्यावरून नजर काढून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे वळून पाहतो, त्या क्षणी गोष्ट तुटते. एकाच चित्रपटातल्या या दोन युक्त्या. पहिली पात्राबद्दल काही सांगते, दुसरी चित्रपट बनवणाऱ्याच्या कपाटातल्या जुन्या अंकांबद्दल सांगते.

पुढचा भाग, 'अक्रॉस द स्पायडरव्हर्स' (२०२३), या दुसऱ्या वाटेने फार लांब गेला. प्रत्येक विश्वाला वेगळी शैली. ग्वेनच्या विश्वात जलरंग आहेत, आणि ती वडिलांशी बोलते तेव्हा भिंतींचे रंग मनःस्थितीबरोबर ओघळतात. ते दृश्य उत्तम आहे, कारण खोलीत दोनच माणसे आहेत आणि दोघे जवळजवळ स्थिर आहेत. पण हॉबी या पंक पात्राचे शरीर एका वेगाने, जाकीट दुसऱ्या आणि गिटार तिसऱ्या वेगाने हलते. तो शिस्त मानत नाही हे सांगायला पहिली दहा सेकंदे पुरेशी होती. नंतर तो जितका वेळ पडद्यावर असतो तितका वेळ हेच पुन्हा सांगितले जाते, आणि तो बोलतो ते निसटते. भारतात हा चित्रपट मराठीसह दहा भाषांत आला, हे चांगले झाले. निदान सबटायटल वाचण्यातून डोळा सुटला. पण पडद्यावर फुटणारे मजकुराचे चौकोन होतेच. 'मुंबटन' नावाची, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र केलेली नगरी त्यात आहे. आपल्याकडच्या प्रेक्षकाने तिची किती वाट पाहिली होती! ती आली, तिच्यात थरावर थर रचलेले रस्ते होते, माणसे होती, आणि ती इतक्या वेगाने गेली की तिथे कोणी राहत असेल असे वाटायला अवधीच मिळाला नाही. मुंबई डोळ्यांपुढून गेली, पाहून झाली नाही.

या रोगाला आपल्या परंपरेत नाव आहे, आणि ते योगायोगाने फार समर्पक आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनी हा काव्याचा आत्मा मानला, आणि ज्यात ध्वनी नाही, नुसती शब्दांची वा अर्थाची करामत आहे, त्याला चित्रकाव्य म्हटले. मम्मटाने काव्याच्या प्रती लावल्या तेव्हा चित्रकाव्य शेवटी ठेवले. अक्षरे कमळाच्या किंवा तलवारीच्या आकारात बसवायची, उलटसुलट कशीही वाचली तरी श्लोक व्हावा अशी रचायची, हा त्यातला टोकाचा प्रकार. या करामतीला लागणारी बुद्धी सामान्य नव्हती. आनंदवर्धनाचा आक्षेप बुद्धीवर नव्हताच. अलंकार हा रसाच्या ओघात, त्यासाठी निराळा प्रयास न करता यावा, एवढेच त्याचे म्हणणे. अलंकारासाठी कवीला गोष्ट बाजूला ठेवून वेगळी खटपट करावी लागली, तर वाचकालाही रस बाजूला ठेवून अलंकाराकडे वळावे लागते. पासष्ट हजार तैलचित्रांची जाहिरात ज्या वेळी केली जाते, त्या वेळी वेगळ्या खटपटीचीच जाहिरात होत असते.

आणि चित्राने गोष्ट सांगण्याची आपली जी परंपरा आहे, ती या बाबतीत फार शहाणी होती. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथीत सुटी चित्रे एकापाठोपाठ एक समोर धरतात, आणि गाणारा आपला प्रसंग गाऊन संपवेपर्यंत चित्र जागचे हलत नाही. चित्र स्थिर, हालचाल आवाजात. एका वेळी एकच जण बोलतो, हे तिथे न शिकवता पाळले जाते.

प्रयोग आणि गोष्ट यांचे वैर नाही, याचे पुरावे हवे तितके आहेत. इसाओ ताकाहाताच्या 'प्रिन्सेस कागुया' (२०१३) मध्ये जवळजवळ सगळा चित्रपट हलक्या जलरंगात आणि कोऱ्या सोडलेल्या कागदात आहे. मग नामकरणाच्या मेजवानीत दारू प्यायलेल्या पाहुण्यांची टवाळी ऐकून राजकन्या धावत सुटते, आणि रेषाच फाटते. कोळशाचे फरांटे, ओळखू न येणारा चेहरा, अंगावरून गळून पडणारी वस्त्रे. त्या अर्ध्यामुर्ध्या मिनिटात तिच्यावर लादलेले सगळे शहरीपण सोलून निघते. हा परिणाम तेवढा पडतो, कारण आधी आणि नंतर शांतता आहे. सगळा चित्रपट असा फाटक्या रेषेत काढला असता तर धावणे आणि बसणे यांत फरकच राहिला नसता.

गीतांजली रावच्या 'बॉम्बे रोझ' (२०१९) मध्येही फ्रेम-फ्रेम हाताने रंगवलेली आहे, शैलीही बदलतात. पण वृद्ध मिसेस डिसोझा रस्त्याने चालताना आजूबाजूचा रंगीत गजबजाट ओसरून जुनी कृष्णधवल मुंबई उभी राहते, तेव्हा कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे आहे ते आपोआप कळते. त्या बाईची आठवण हाच त्या बदलाचा अर्थ. 'वॉल्ट्झ विथ बशीर' (२००८) तर शेवटी ॲनिमेशनच सोडून देतो आणि बैरूतच्या हत्याकांडाचे खरे चित्रण समोर ठेवतो. दीड तास काढलेल्या रेषा त्या क्षणी मागे सरतात. हा एकदाच केलेला बदल आहे, म्हणून तो विसरता येत नाही.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. नॉर्मन मॅक्लॅरनने फिल्मवर ओरखडे काढून १९५५ मध्ये 'ब्लिंकिटी ब्लँक' केला, मग तोही वाईट का? नाही. तिथे ओरखडा हाच विषय आहे. लक्ष विचलित व्हायला दुसरीकडे काही असावे लागते. ईशू पटेलच्या 'बीड गेम'मध्ये (१९७७) मण्यांशिवाय काही नाही, आणि हिंसेचा एकच विचार काही मिनिटांत पूर्ण होतो. लघुपटाला जे शोभते ते दीड-दोन तासांच्या कथापटात तसेच उचलून ठेवले, की ते आधी विचार असते, मग सवय होते आणि शेवटी अडथळा.

दुसरा आक्षेप पिढीचा. नव्या मुलांचे डोळे वेगाला सरावलेले आहेत, त्यांना हे सहज दिसते, असे सांगतात. सराव म्हणजे दिसणे नव्हे. रेल्वेरुळाशेजारी राहणाऱ्याला गाडीचा आवाज त्रास देत नाही, कारण तो ऐकू येईनासा होतो. मुलांच्या डोळ्यांचेही तसेच होत असेल, तर ज्या परिणामावर एवढा खर्च केला तोच त्यांना दिसत नाही, असा याचा अर्थ. शिवाय मुलांचे डोळे काहीही सोसतात, हा समज १६ डिसेंबर १९९७ रोजीच मोडला. त्या संध्याकाळी जपानी दूरचित्रवाणीवर 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाचे सेकंदाला बाराच्या गतीने लखलखाट झाले, आणि सुमारे ६८५ जणांना, त्यांत बहुतेक मुले, रुग्णालयात न्यावे लागले. तरीही २०१८ मध्ये 'इन्क्रेडिबल्स २'च्या लखलखत्या दृश्यांसाठी चित्रपटगृहांच्या दारावर इशारे लावायची वेळ आली. हे टोक झाले. पण उकळत्या भिंतीपासून या लखलखाटापर्यंतच्या वाटेवर प्रेक्षकाच्या शरीराचा विचार कोणत्या टप्प्यावर केला जातो, हे विचारायला हरकत नसावी.

माझी मागणी मोठी नाही. दिग्दर्शकाने आपल्या परिणामाचे काम एका वाक्यात सांगून पाहावे. 'माइल्स नवखा आहे' असे वाक्य होत असेल तर तो ठेवावा. 'सुंदर दिसते' एवढेच होत असेल तर कापावा, निदान माणसे बोलत असतील तिथे तरी. संकलन पक्के करण्याआधी मूळ भाषा न येणाऱ्या चार माणसांना चित्रपट सबटायटलसह दाखवावा आणि कोण कोणाला काय म्हणाले एवढेच विचारावे. समीक्षकांनी फ्रेम मोजणे थांबवावे. कादंबरीची पाने किती रात्री जागून लिहिली यावर आपण तिची प्रत ठरवत नाही, मग चित्रपटाला ही सवलत का? आणि ॲनिमेशन शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना कोणीतरी सांगावे की, महोत्सवात उठून दिसण्यासाठी पृष्ठभाग हलवत ठेवण्याची गरज नाही. व्हिन्सेंटचे शेवटचे पत्र ज्या चित्रपटात दीड तास हातोहात फिरले, त्या चित्रपटाबद्दल बोलताना लोक अजूनही आकाशाच्या रंगाबद्दल बोलतात. पत्रात काय होते ते विचारा, बहुतेकांना आठवणार नाही.